जिजी आणि तिची भाड्याची मशिनं

“सोड ते मशीन. आरे पोऱ्या, मिठी काय मारी ऱ्हायना, सोड ना.”

मी सोडणार कसा? त्या घटकेला मी मशीन चालवत नव्हतो, मशीन मला चालवत होतं. सुरतेतल्या बमरोलीत कापडाच्या एका लूम कारखान्याबाहेर स्टुलावर चढून मी भिंतीला भोक पाडत होतो. भोक हवं होतं बोटाएवढं, पाटी टांगायला. मशीन मात्र डोंगरातून बोगदा काढता येईल एवढं. लहान मशीन हातात धरलं की माणूस लहान दिसतो, असं माझं त्या वयातलं ठाम मत होतं. बटण सारखं दाबून बोट दुखतं म्हणून ते मी लॉक केलं होतं. आत कुठेतरी सळई लागली, ड्रिलचं टोक तिथेच अडकलं, आणि कोणीतरी फिरायला तर हवंच म्हणून मशीन स्वतः फिरायला लागलं. त्याला चिकटलेला मीही फिरलो. स्टूल रस्त्यापलीकडे गेलं. बघणारे म्हणतात की मी जेमतेम अर्धा फेरा घेतला. मला विचाराल तर वर जाताना मला उधन्याच्या गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या आणि खाली येताना सचिन गावच्या.

मग एकदम सगळं थांबलं. पत्र्याच्या शेडपाशी लुगडं नेसलेली, आडव्या अंगाची एक बाई वायरचा प्लग हातात धरून उभी होती. ती आली, मशीन भिंतीतून सोडवलं, कानाशी लावून हलवून पाहिलं, आणि सावकाश माझ्याकडे वळली.

“तुन्हं काय मोडनं?”

“काही नाही.”

“मंग रडस कसाले?”

ही मशीनवाली जिजी. माझ्या शेठनं ते मशीन तिच्याकडूनच भाड्यानं आणलं होतं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायचं कटर, रंधा मारायचं मशीन अशी तिची सगळी प्रजा खिळ्यांना टांगलेली असायची. आमच्या अहिराणी मुलखातला जो म्हणून माणूस सुरतेत फॅब्रिकेशन, सुतारकाम नाहीतर बांधकाम करत होता, त्याला तिच्या उंबऱ्यावर यावंच लागे. नव्वद-ब्याण्णवच्या त्या काळात स्वतःचं मशीन असणं म्हणजे स्वतःची मोटार असण्यासारखं होतं, आणि आमच्यापैकी बहुतेकांकडे सायकलसुद्धा भावाची होती.

तिच्या आवाजाबद्दल आधी सांगतो. सुरतेतली लूमवाली माणसं तशीही मोठ्यानंच बोलतात. दिवसभर त्या खडखडाटात राहून घरी मीठ मागतानाही भांडल्यासारखं मागतात. पण जिजीचा आवाज लूमच्याही वर चढायचा. ती बमरोलीत ओरडली की भेस्तानच्या रेल्वे फाटकावरचा माणूस आधी फाटक पाडायचा आणि मग गाडी आहे का ते बघायचा. मी हे थोडं वाढवून सांगतोय असं कोणाला वाटेल. तो माणूस त्या आवाजाच्या टप्प्यात कधी राहिलेला नाही, एवढंच मी म्हणेन.

आणि तिचं ठरलेलं वाक्य होतं, “पहिले हात दखाड, मंग मशीन.”

हात दाखवायचे म्हणजे नुसते दाखवायचे नाहीत. घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, मनगटावर जत्रेतला धागा असेल तर तोही काढायचा. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. गळ्यात मफलर, टॉवेल, ताईत काही असेल तर ते सगळं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायचं आणि मशीन परत आणलं की घेऊन जायचं. माझ्या बोटातल्या अंगठीत तेव्हा पुष्कराज म्हणून विकत घेतलेली एक पिवळी काच होती. ज्योतिषानं सांगितलं होतं की ही काढलीस तर धंदा बसेल. मी जिजीला तसं सांगितलं.

“आनि बोट गयं तर?” ती म्हणाली. “बिनबोटानी अंगठी कोठे घालशी?”

मी अंगठी डब्यात टाकली. ज्योतिषी भविष्य सांगायचा, पण जिजी बोटाकडे ज्या नजरेनं बघायची त्या नजरेत भविष्य दिसायचं.

दुसरी झडती खिशाची. त्यात ती काड्यापेटी शोधायची. त्या वेळी आम्हा सगळ्यांची एक विद्या होती. प्लग तुटला की नवा कोण आणणार? वायरची टोकं सोलायची, बोर्डाच्या भोकांत घालायची आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकून पक्की करायची. या विद्येत मी पारंगत होतो. मुंडी खाली घालून, डोळे मिटून, नुसत्या वासावरून मी काडी बसवायचो, आणि वास जळका आला तर समजायचो की बसली. जिजीच्या मशिनांना मात्र धडधाकट तीन पायांचे प्लग असत. कोणी तो कापून काड्यांवर काम केलं तर वायरचं टोक बघूनच तिला कळायचं, आणि त्या माणसाला पुढे कितीतरी दिवस बमरोलीतून तोंड लपवून जावं लागायचं. “काडी बिडीले लाव, बोर्डले नको,” असं ती भर रस्त्यात त्याच्या बायकोसमोर सांगायची. एक यूपीवाला सुतार यावर म्हणाला की माताजी, मी तर बिडी पीत नाही. जिजी म्हणाली, “मंग काड्यापेटी कसाले बायगस? दे इकडे, माले चूल पेटवनी शे.” आणि ठेवून घेतली.

चष्म्याचंही असंच. ग्राइंडरबरोबर ती जाड काचेचा एक चष्मा द्यायची. आमची सगळ्यांची ठिणग्यांपासून बचावाची रीत म्हणजे एक डोळा मिटणे. मी तर याच्यावर खूप विचार केला होता. दोन्ही उघडे ठेवले तर दोन्ही जायची भीती, दोन्ही मिटले तर दिसत नाही, म्हणून एक. जिजीला हे शास्त्र समजावून सांगितलं तेव्हा तिनं माझे दोन्ही डोळे एकेक करून निरखले. “कोनता डोया जास्तीना शे तुले?” तिनं विचारलं. मी चष्मा नेला. खरं सांगायचं तर आधी तो घालून पांडेसऱ्याच्या स्टुडिओत एक फोटो काढून घेतला, मागे विमानाचा पडदा लावून, आणि मग कामाला लागलो.

मशिनांना तिनं नावं ठेवली होती, सगळी सासरची. रंधा मशीन म्हणजे ननंद, कारण ते सतत कुरकुरायचं. लहान ड्रिल म्हणजे धाकटा दीर, काम थोडं आणि गरम लवकर. आणि एक जुना, वजनदार, चालू करताच हाताला हिसका देणारा ग्राइंडर होता, त्याचं नाव सासू. गिऱ्हाइकं उंबऱ्यावर येऊन बिनदिक्कत म्हणायची, “जिजी, आज सासू मोकळी आहे का?” सासूच्या पात्यावर अर्धगोल लोखंडी गार्ड होतं. मोठं पातं बसावं म्हणून लोक गार्ड काढून टाकत. म्हणून जिजीनं त्याच्या नटांवर लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. नट हलला की रंग तडकायचा आणि चोरी उघडी पडायची. ती स्वतः जन्मात नखं रंगवलेली बाई नव्हती. दुकानदार तिला बाटली देताना हसला, तेव्हा ती म्हणाली, “सासूना शृंगार शे, तुले काय?”

सगळ्या गोष्टी तिला बरोबर कळायच्या असं नाही. मशीन दुपारी बैलासारखं सावलीत बांधलं पाहिजे, असं तिला वाटायचं. संध्याकाळी वायर गुंडाळताना उलटी गुंडाळली तर उरलेली वीज आत साठून राहते, हेही तिचंच. आम्ही हसायचो. पण तिच्याकडे येणाऱ्या माणसांची बोटं मोजून भरत होती आणि हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो, तेव्हा कोण शहाणं होतं ते तुम्हीच ठरवा.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

भेस्तानला मी स्वतःचं ग्रिल-दरवाजांचं दुकान टाकायचं ठरवलं. त्याच सुमारास माझ्यासाठी सुमनचं स्थळ आलं. तिचे वडील पांडेसऱ्यात लूमवर मुकादम. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबांना जावई हवा होता तो स्वतःच्या पायावर उभा असलेला. सुमनला मी एकदाच पाहिली होती, चहा देताना. तिनं कपबशी माझ्या हातात दिली आणि माझे हात बघितले. बास. त्या एका नजरेवर मी दुकान, लग्न आणि दोन मुलांची नावं ठरवून टाकली होती. आबांनी निरोप धाडला, दसऱ्याला दुकान बघायला येतो, दुकान पसंत तर मुलगा पसंत.

इथे घोळ झाला. आमच्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारं मांडून पूजा करतात. हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, पूजेचा लाल नाडा बांधायचा. आणि एकदा पूजा मांडली की ते हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, त्याला विश्रांती. पण नवं दुकान दसऱ्यालाच सुरू करतात, हीही रीत. दरवर्षी या दोन रीती एकमेकींना न भेटता सुखात नांदायच्या. माझ्या दुकानात त्या समोरासमोर आल्या.

पाटावर सासू बसली होती. मीच आणली होती, कारण ठिणग्या उडवाव्यात तर तिनंच. गळाभर झेंडू, कमरेला लाल नाडा, कपाळाला कुंकू. मी नवाकोरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, मनगटात पूजेचा धागा, खांद्यावर आबांनीच आणलेलं उपरणं, गळ्यात हार. मी आणि सासू जवळजवळ सारखेच दिसत होतो, फक्त तिच्या चेहऱ्यावर अक्कल जास्त होती.

आबा म्हणाले, “चला जावईबापू, करा मुहूर्त. एक लोखंड कापून दाखवा.”

जावईबापू हा शब्द ऐकून मी लोखंडच काय, पाटसुद्धा कापला असता.

तेवढ्यात पाहुण्यांतून जिजी पुढे आली. “आज नही. आज तिनी सुट्टी. उद्या सकायमां कर मुहूर्त.”

“दसऱ्यापेक्षा मोठा मुहूर्त कोणता, बाई?” आबा म्हणाले.

“मंग हार काढा. नाडा काढा. त्याना उपरना काढा.”

“पूजेतलं फूल संध्याकाळपर्यंत काढत नसतात.”

“मशीनले पूजा समजत नही, आबा.”

सगळी गल्ली बघत होती. एका बाजूला होणारे सासरे, दुसऱ्या बाजूला जिजी, आणि दाराशी बायकांच्या घोळक्यात सुमन. एवढ्या लोकांदेखत एका बाईच्या सांगण्यावरून होणाऱ्या सासऱ्याचं उपरणं उतरवायचं? मी हुशार माणूस. दोघांनाही राजी ठेवणारा तोडगा मी काढला. सासूचा हार काढायचा नाही, फक्त जरा मागे सरकवायचा, आणि उपरण्याचं टोक शर्टात खोचायचं. माझ्या आयुष्यातले झाडून सगळे अपघात अशा तोडग्यांतून झालेले आहेत.

पूजेच्या वेळी कोणीतरी कुंकू लावताना सासूचं बटण पुढे ढकललं होतं. मी ते बघितलंच नाही. एका हातात सासू धरून दुसऱ्या हातानं मी प्लग घातला, आणि बटणाला हात लावायच्या आत ती जागी झाली.

पहिल्यांदा झेंडू गेला. पाकळ्या छताला लागून अशा पसरल्या की पाहुण्यांना वाटलं ही योजनाच आहे, आणि काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग नाडा गेला. मग त्या नाड्यानं उपरण्याचं टोक शर्टातून ओढून काढलं, आणि सासू उपरण्यावरून दोर चढल्यासारखी माझ्याकडे चढायला लागली. छाती, मग गळा. उपरण्याचा पीळ बसत गेला. माझ्या मिशीचा एक बाजूचा भाग तिथेच कायमचा गेला, तो मी नंतर पाकळ्यांत शोधला. हनुवटीला थंडगार काहीतरी टेकलं आणि ते गार्ड होतं. आत्तापर्यंत मी वाढवून सांगत आलो, पण हे वाढवलेलं नाही. पातं पलीकडे होतं आणि मध्ये नेलपॉलिश लावलेलं गार्ड होतं.

जिजी ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत होती म्हणतात. मग माझे हात सुटले, जिजीनं प्लग उपटला आणि मशीन बंद पडलं. मी पाटावर बसलो होतो, गळ्यात सासू.

आबांनी चपला घातल्या. “ज्याला हातातलं मशीन सांभाळता येत नाही,” ते म्हणाले, “तो माझी पोर काय सांभाळणार?” आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले. जाताना सुमननं मागे वळून पाहिलं. माझ्या हातांकडेच.

लग्न मोडलं. गल्लीनंही तेच ठरवलं. कोणी मला अर्धमिश्या म्हणायला लागलं, कोणी विचारायला लागलं की सासू पदरात पडली, आता बायको कधी? मी दुकानाचं शटर अर्धवट ओढून आत बसायचो. जिजीनं ते दोनचार दिवस पाहिलं आणि एका सकाळी येऊन म्हणाली, “ती दुसरी मिशी बी काढ आनि चाल मनासंगे.”

ती मला घेऊन पांडेसऱ्याला आबांच्या घरी गेली. गंभीर बोलायचं असलं की जिजी अहिराणी बाजूला ठेवून शाळेतल्या मराठीत बोलायची, शब्द धुऊन वाळत घातल्यासारखे. मी दाराशी गळ्याला पट्टी बांधून बसलो होतो.

“आबा, मुलगा हुशार नाही,” तिनं सुरुवात केली. मला वाटलं, ही मदत आहे?

आबा म्हणाले, “ते दिसलं.”

“तो मशीन नीट धरत नाही, डोकं वापरत नाही. पण मी ओरडले, सोड, तेव्हा त्यानं सोडलं. एवढ्या माणसांत, तुमच्यासमोर, एका बाईचं ऐकून सोडलं.” ती थांबली. “आमच्या घरातले पण हेच काम करायचे. ही मशिनं त्यांचीच आहेत. थंडीचे दिवस होते, सचिनला काम चालू होतं, मी डबा घेऊन गेले होते. त्यांच्या गळ्यात मफलर होता. मी लांबून ओरडले, मफलर काढा. बरोबरची माणसं हसली. हेही हसले. बायकोचं ऐकून मफलर कोण काढणार?”

आबांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. आतून चहा घेऊन सुमन आली. कप माझ्या हातात देण्याआधी ती जिजीकडे गेली, दोघी आतल्या खोलीत जाऊन काहीतरी बोलल्या. त्या दोघी बाहेर आल्यावर आबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. लग्नात जिजीनं मला उपरणं घेऊ दिलं नाही. भटजी रागावले, पण आबाच म्हणाले, “राहू द्या.”

पुढे पाचसहा वर्षांत बाजारात स्वस्त मशिनं आली. ज्याला त्याला स्वतःचं ड्रिल, स्वतःचा ग्राइंडर. गार्ड नाही, प्लग नाही, विचारणारं कोणी नाही. जिजीच्या शेडमध्ये खिळे उघडे पडत गेले. दोंडाईच्याला तिची लेक होती, तिनं बोलावून घेतलं. गाडीवर सोडायला मी आणि सुमन उधन्याला गेलो. खिडकीतून ती हॉकरला ओरडत होती की शेगडी डब्यापासून लांब धर. गाडी हलली तरी आवाज येत होता. मग तो गाडीच्या आवाजात मिसळला, पण त्याच्या खाली गेला नाही.

घरी येताना मला राहवलं नाही. एवढी वर्षं जिजी माझी ही थोरवी गल्लीभर सांगत आली होती आणि मीही मान डोलावत आलो होतो. मी सुमनला म्हणालो, “तुला एक सांगू? त्या दसऱ्याला मी जिजीचं ऐकून मशीन सोडलं नव्हतं. मला तिचा आवाजच आला नाही. भीतीनं हातातलं बळच गेलं, आणि मशीन आपोआप सुटलं.”

सुमन पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाली, “माहीत आहे. जिजीनं मला तेव्हाच आतल्या खोलीत सांगितलं होतं. म्हणाली, ऐकत नाही, पण घाबरतो. चालेल.”